लेकीच्या गाडीत बसण्याआधीची निरवानिरव

मी, खाली सही करणारा, गाडी शिकवण्याच्या क्लासचा मालक, गावात ‘मास्तर’ म्हणून ओळखला जाणारा, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. (लेकीचा रुसवा दडपणात धरू नये.) प्रकृती ठणठणीत आहे. पण उद्या सकाळी चौकात, सगळ्यांसमोर, लेकीने तयार केलेल्या बिनड्रायव्हरच्या गाडीत बसायचे आहे, म्हणून निरवानिरव केलेली बरी.

ही गाडी आल्यापासून गावात रिकामीच फिरते. अर्धे गाव माझ्या हाताखाली शिकलेले; ते म्हणते, “मास्तर बसले तर आम्ही बसू.” या महिन्यात कोणी बसले नाही तर लेकीची कंपनी इथून गाशा गुंडाळणार आणि लेकीची सगळी मेहनत पाण्यात जाणार.

१. राहते घर व बँकेतली शिल्लक पत्नीला. माझी भीती ऐकून ती एवढेच म्हणाली, “इतकी वर्षं मी तुमच्या शेजारी बसलेच ना?” तरीही घर तिलाच.

२. क्लासची गाडी धाकट्या भावाला. क्लच हळू सोडावा. तो तसा सोडणार नाही, हे मला माहीत आहे.

३. फुटलेला पुढचा दिवा शिंप्याला. शिकताना त्याने गाडी खांबावर घातली, आणि खांबच मध्ये आला असे आजही सांगतो. स्टिअरिंग माणसाच्याच हाती हवे, असे चौकात सर्वांत मोठ्याने तोच बोलतो.

४. लेकीला काय द्यावे, सुचत नव्हते. शिकवताना माझ्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. तसा असल्याशिवाय बसणार नाही, अशी अट मी घातली होती. काल तिने तो बसवला. वाकून पाहिले तर कशालाच जोडलेला नाही.

“हे काय?”

“तुमच्या समाधानासाठी, बाबा. नाहीतर तुम्ही घाबराल, आणि लोक बघतील.”

रागही आला आणि भरूनही आले. म्हटले, “काढून टाक. लोकांना फसवून बसवायचं नाही. मी घाबरेन, घाबरलेला दिसेन. तरी बसेन.”

तिने माझ्यादेखत तो काढला. म्हणून उद्याची फेरी तिच्या नावे.

ठिकाण: क्लासचे ऑफिस
दिनांक: फेरीच्या आदला दिवस, संध्याकाळ
(सही) मास्तर

साक्षीदार:
डॉक्टर (सही). डोके शाबूत, नाडी जलद.
न्हावी, मास्तरांचा जुना विद्यार्थी (सही). मागच्या सीटवर उद्या मी येतो. घाबरायला सोबत असलेली बरी.