रुमालाखालचा हात

चैत्र शु. ५, शके १७८६. अमरावती.

नारायण आजही पहाटेच घरून गेला. ऊन कासराभर वर आल्यावर परत. केस ओले, धोतराले चिखल, काखेत गाठोडं. विचारलं तर हसला. "फिरायले गेल्तो, भाऊ." फिरायले! ह्या उन्हाळ्यात कोणता कापसाचा दलाल फिरायले जाते? तिकडं अमेरिकेत लढाई जुंपली अन् इकडं मुंबईवाले आमच्या कापसासाठी जीव टाकून राहिले. लोकांनी गाद्या-उशा उसवून रुई विकली. आमच्याही घरची गादी गेली, सतरंजीवर झोपून माही पाठ धरली. अशा दिवसांत रिकामा कोणीच फिरत नाही. गाड्या बाजारात पोचायच्या आत रस्त्यावर गाठायच्या अन् चोरसौदा करायचा, असंच काही असणार. दुसरा कोणी असता तर नवल नव्हतं. पण हा माहा साडू. त्याची जानकी अन् माही मथुरा सख्ख्या बहिणी. आम्ही दोघं एका गादीवर बसून दलाली करतो. डाळीत काही काळं आहे.

चैत्र शु. ७.

मागं गेलो. वेशीबाहेर पडेपर्यंत ठीक. पुढं लेकाचा धावायले लागला! खरोखर धावायले, धोतराचा काचा मारून, जसा काही मागं वाघ लागला. मी बाभळीपर्यंत गेलो अन् बसलो. छाती भात्यासारखी. दुपारपर्यंत आडवा पडून होतो, मथुरा घाबरली. म्हणे, "अवो, ह्या पोटानं तुमी धावले? काऊन?" म्हटलं, वैद्यानं सांगितलं. म्हणे, कोणत्या वैद्यानं, कवा? बायकोही संशयी निघाली. माह्याच संगतीनं, दुसरं काय.

चैत्र शु. १२.

रोज जाऊन राहिलो. गावात सांगून ठेवलं, वैद्याचा हुकूम आहे. कमरेले कांदा बांधतो, उन्हाची लू लागू नये म्हणून. बडनेऱ्याकडं आगगाडीसाठी मातीचा बांध घालून राहिले, त्याच्यावरून धावायले बरं, पाय रुतत नाहीत. ना. मात्र बांध सोडून डावीकडं पळसाच्या झुडपांत घुसते अन् दिसेनासा होते. मी पोचतो तवा कोणी नसते.

एक लिहून ठेवतो. आज बाभळीपाशी बसलो नाही.

चैत्र व. ४.

बाजारात भारी गोष्ट. वरूडकडच्या एका पाटलाचा माल आला. मी म्हटलं, नारायण, घे रुमाल. हा म्हणे, "तुमीच करा, भाऊ. मले जरा काम हाय." परवाही असंच. आमचा भाव तोंडानं नाही, रुमालाखाली बोटं धरून ठरते, जितके रुपये चढ तितकी बोटं. होळीपासून ह्यानं एकाही सौद्यात रुमालाखाली हात घातला नाही. ज्याचा हात आख्ख्या बाजारात नावाजलेला! वरून चेहरा दगडाचा, खाली बोटं अशी बोलत की समोरचा हसत हसत भाव सोडे. अन् आता सगळे सौदे माह्या गळ्यात. काऊन? उद्या काही उलटलं तर मी, सखाराम, सापडलो पाहिजे अन् नारायण कोरडा, म्हणून.

अन् उजवा हात सदा उपरण्याखाली. दलालाचा हात कापडाखाली असला म्हणजे धंदा चालू आहे.

चैत्र व. ११. अकोला.

चार गाड्या घेऊन आलो. रोज पहाटे गाडीच्या पुढं पायी चाललो, बैलांपेक्षा आधी झाडाखाली पोचतो आता. गाडीवान हसून राहिले. म्हणे, "मालक, गाडी भाड्यानं काऊन केली मंग?"

इथल्या बाजारात हळूच चौकशी केली. "तुमचे साडू? होळीपासून इकडं फिरकलेच नाहीत." म्हणजे अकोल्यात नाही. म्हणजे दुसरीकडं. मांजर डोळे मिटून दूध पिते, पण वाटी कुठं ठेवली हे तर सापडलं पाहिजे.

ना. पळसाआड जाऊन ओला होऊन येते, म्हणजे तिथं पाणी आहे. मागं पाण्यात उतरायची पाळी आली तर मले पोहता येत नाही. मोर्णा नदीच्या डोहात वाळका भोपळा पाठीले बांधून उतरलो. पोरं शिकतात तसं. नाकातोंडात पाणी. घाटावरच्या बाया तोंडाले पदर लावून हसल्या. हसा बाई. तिसऱ्या दिवशी पाय मारता आले. पाण्यात आडवं पडून वर आभाळ पाहिलं, पाठ दुखली नाही. पहिल्यांदाच महिनाभरात.

वैशाख शु. ३. अखजी, अक्षय तृतीया. अमरावती.

ना. अन् जानकी जेवायले. पितरांचं पान वाढलं, पुरणपोळी, आमरस. हा म्हणे, "मले जेवायचं नाही, पोट बरं नाही." अखजीले! पोळीले हातही लावला नाही. शेवटी मथुरेनं आग्रह केला तर रसाची वाटी डाव्या हातानं उचलली अन् पिऊन टाकली. उजवा उपरण्यातच. म्या विचारलं, "काय लपवलं रे त्याच्यात?" चेहरा पांढरा झाला त्याचा. जानकी उठून आत गेली. बहिणीपाशी रडली म्हणे, पण सांगितलं काहीच नाही.

माह्या घरचं अन्न ज्याच्या घशाखाली उतरत नाही, त्याच्या मनात पाप आहे. झोप नाही.

वैशाख शु. ५.

सापडला!

आज त्याच्याही आधी निघालो अन् पळसात लपून बसलो. आत जुनी पायऱ्यांची विहीर आहे, मले माहीत नव्हतं. ना. धावत आला, घामानं निथळत. उडी मारली, विहिरीले चार चकरा पोहला. मग वर आला तर पायरीवर कोण बसलेलं? तालमीचा चांदखाँ उस्ताद. ना.नं हात पुढं केला, उस्तादानं त्याच्यावर ओलं फडकं टाकलं अन् खालून हात धरला. किती वेळ! बोटं हलून राहिली होती, मले दुरूनही दिसलं. दोघं तोंडानं एक शब्द नाही.

फडक्याखाली हात. आता हातच्या काकणाले आरसा कशाले? तालमीतले गडी गाड्यांची राखण करत सगळ्या रस्त्यांवर असतात, उस्ताद कोणासाठी तरी भाव ठरवून राहिला.

धावत बाजारात आलो. कुठंही थांबलो नाही. पुंडलिकरावांच्या गादीवर जाऊन सगळं सांगितलं. दलालांत तेच वडील, त्यांचा शब्द चालते. सांगितलं खरं, पण बारा वर्षांची गादी आहे आमची.

वैशाख शु. ७.

पुंडलिकरावांनी सगळ्या दलालांदेखत ना.ले बोलावलं. माहं नाव घेतलं नाही. म्हणे, "नारायण, तुह्याबद्दल बाजारात बोलून राहिले. तू रुमाल टाळतो म्हणे अन् बाहेर हात देतो म्हणे. दशमीले मुंबईच्या शेठची मोठी खरेदी हाय. त्याच्याकडून तू बसशीन. आपल्या हातानं, चौकात, सर्वांसमोर. टाळलं तर आमी समजू खरं हाय. मंग ह्या बाजारात तुले कोनी रुमाल देनार नाही." अन् माह्याकडं वळून, "विकनाऱ्यांकडून सखाराम बसंन. त्याचा हात याले ओळखीचा हाय."

ना.नं नुसती मान हलवली. चोर असता तर भांडला असता. चोर भांडते ना? का उलट?

वैशाख शु. ८.

हे लिहायले बसलो तर लिहवत नाही.

पहाटे गेलो, लपलो नाही. भोपळा बांधून सरळ विहिरीत उतरलो. ना. पाण्यातच होता. माह्याकडं पाहिलं अन् हसला, बेशरमासारखा नाही, थकल्यासारखा. "भाऊ, तुमी पोहायले कवा शिकले?" म्हटलं, "तुह्या मागं मागं." म्हटलं, "आता सांग, त्या फडक्याखाली काय भाव चालते?"

त्यानं पाण्यातून उजवा हात वर काढला अन् माह्या हातात दिला. गार. नुसता पाण्यानं गार नाही. म्हणे, "दाबा." दाबला. "कोनतं बोट धरलं?" म्हणे. "मले कळून नाही राहिलं, भाऊ. होळीच्या आधी एक दिवस सकाळी उठलो तर करंगळी अन् तिच्या शेजारचं बोट माहंच नव्हतं. मंग हळूहळू सगळा हात." घास तोंडापर्यंत जात नाही, सांडते. म्हणून अखजीले जेवला नाही. जानकी घरी भरवते त्याले.

उस्ताद पायरीवरून म्हणे, "सखारामभाऊ, धावला का अंग तापते, मंग पोहला का रक्त फिरते, मंग मी तेल लावून रग, म्हंजे शीर, चोळतो. ऊपर गीला कपडा, के तेल लौकर सुकू नये. होईल मोकळी. होईल म्हनतो, झालीच असं नाही म्हनत."

ज्या हातानं भाव ऐकायचा तोच हात बहिरा झाला अन् हे बाजाराले कळलं, तर दलाल मेला. मग त्यानं कोणाले सांगावं? मले सांगायले पाहिजे होतं ना पण! मले! राग आला अन् रडूही आलं, विहिरीत कोणाले दिसते. त्यानं विचारलं, "भाऊ, पुंडलिकरावाले कोनं सांगितलं असंन?"

भोपळ्याले धरून होतो. म्हटलं, "लोकांचं काय, पळसाले पानं तीनच."

दशमीचं काय? खरं सांगितलं तर हात गेला हे कळते, नाही सांगितलं तर चोर ठरते. शेवटी मीच म्हटलं, "भाव इथंच ठरवू. परवाच्या भावावर चार बोटं चढ. रुमालाखाली तू माही चारी बोटं धरजो, धरली नाही गेली तरी मी म्हणीन धरली." उस्तादानं तोंड फिरवलं.

म्हणजे बाजाराबाहेर, विहिरीत, चोरसौदा. जे त्यानं केलं नाही ते मीच करून बसलो.

वैशाख शु. ९.

धावलो. बांधाच्या टोकापर्यंत जाऊन परत. डोकं थंड होईना.

एक गोष्ट मनातून जात नाही. त्याले आता माहा भाव माहीत आहे. सौद्याच्या आधी. शेठकडून तो बसणार, अन् विकणाऱ्यांचा भाव त्याले मीच सांगितला, आपल्या तोंडानं. हात खरोखर बधिर आहे हे कशावरून? पाण्यात कोणाचाही हात गार लागते. उस्ताद त्याचा. अखजीची वाटी, जानकीचं रडणं...

छे. मी माणूस आहे का कोण आहे? ज्याचा हात हातात घेऊन रडलो त्याच्यावरच.

मथुरेले सगळं सांगितलं. आधी उस्तादाबद्दल, मग पुंडलिकरावांबद्दलही. ती म्हणे, "जानकीच्या डोळ्यात पाहून तुमाले हे सांगता येईन का?" मले नाही येणार.

वैशाख शु. १०.

झालं.

चौकात मुंगीले जागा नव्हती. शेठचा मुनीम मागं उभा, पुंडलिकराव समोर. ना.नं उजवा हात उपरण्यातून काढला अन् पुढं केला, सगळ्यांनी पाहिला. चेहरा तोच जुना, दगडाचा. मीच रुमाल टाकला.

खाली हात धरला. आज गार नव्हता. पहाटेच पोहून, तेल लावून आला असंन. त्याच्या बोटांनी माही बोटं शोधली. अंगठ्याशेजारचं धरलं. मधलं धरलं. तिसरं धरलं. चांगलं घट्ट धरलं, मी ओरडलो असतो असं. अन् थांबला.

माही करंगळी मोकळीच.

म्हणजे तीन. ठरले चार अन् दिले तीन. हात चौथ्यापर्यंत पोचला नाही? का शेठसाठी एक बोट भाव पाडला, सर्वांदेखत, मी बोलू शकणार नाही हे माहीत असून? पुढं मुनीम, मागं गाडीवाले, सगळे माह्या तोंडाकडं. त्याच्या कपाळावर घाम. माह्याही असंन.

मी म्हटलं, "चार. पटलं." मोठ्यानं.

ना.नं माह्याकडं पाहिलं. एक श्वास, जास्त नाही. मग म्हणे, "पटलं." पुंडलिकरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. लोक ओरडले, नारायणचा हात परत आला म्हणून.

गर्दी पांगली तवा तो चिंचेखाली उभा होता, उजव्या हाताची मूठ उघडून झाकून पाहत. मी जवळ गेलो. त्यानं माह्याकडं न पाहता हळूच विचारलं, "भाऊ, चारी धरली ना म्या?"

म्हटलं, "धरली."

घरी येऊन ही करंगळी दाबून दाबून पाहतो आहे. मथुरा म्हणे, गेला का तुमचा संशय? म्हटलं, भोपळा कुठं ठेवला? पहाटे विहिरीवर जायचं आहे.