पलूसला द्यायचा चटणीचा डबा

मी, हरणाबाई आकाराम भोईटे, वय सदुसष्ट, राहणार रहिमतपूर, तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेलं नाही. उलट मुलगा जयराज म्हणाला, "आई, एवढ्यात कशाला?" त्याचे वडीलही असंच म्हणायचे, आणि काही न लिहिता गेले.

वकील वीरधवल निकम यांनी छापील मसुदा दिला होता. तो मी वाचला. त्यात स्थावर होतं, जंगम होतं, पण माझ्या घरातलं काही नव्हतं. म्हणून कायद्याला लागतात तेवढे शब्द त्यातले घेतले. बाकीचे माझे आहेत. याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. रहिमतपुरातलं राहतं घर, मागच्या परसासह, मुलगा जयराज याला द्यावं. स्वयंपाकघर पाडून त्याला ते बैठकीच्या खोलीत मिसळायचं आहे. खुशाल पाडावं. फक्त परसाकडची खिडकी बुजवू नये. मिरची भाजल्याचा ठसका तिथूनच बाहेर जातो.

कलम २. बँकेत माझ्या नावावर जे असेल ते नात शिवांजली हिच्या शिक्षणाला लावावं. तिने शिकताना उपाशी राहू नये. वसतिगृहातलं जेवण चांगलं म्हणून सांगते, पण फोनवर तिचा आवाज मला कळतो.

कलम ३. पाटा-वरवंटा, बिडाचा तवा आणि काठवट सून अंकिता हिला द्यावी. खरं लिहायचं तर हे कलम मी तीनदा खोडलं. अंकिता मोबाईलवर बघून भाजी करते आणि जयराज बोटं चाटतो. माझ्या डाळीच्या घुट्याला त्याने कधी बोटं चाटली नाहीत. मला वाईट वाटायचं, अजून वाटतं. पण पोरीची भाकरी टम्म फुगते, हे नाकारता येत नाही. तवा तिलाच जावा.

कलम ४. माझे पती हवालदार आकाराम भोईटे यांची खाण्याची वही.

हिच्याबद्दल जरा जास्त लिहावं लागेल. पलटणीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी टेम्पो घेतला. दर बुधवारी आमच्या भागातलं आलं आणि हळद भरून सांगलीला जायचे. वाटेत जिथे जेवतील तिथलं वहीत लिहायचे. पलटणीत असतानाच्या पंजाबातल्या ढाब्यापासून मिरजेच्या टपरीपर्यंत सगळं त्यात आहे. घरचं काही नाही. माझं नाव वहीत एकदाही आलेलं नाही.

मी शाळेत गेलेली नाही, वही वाचता यायची नाही. पण दर बुधवारी ते परत आले की म्हणायचे, "पलूसला साळूबाईच्या खाणावळीत जेवलो. अख्खा मसूर असा झाला होता, की बस्स!" मी एकदा म्हणाले, "आवं, एवढा ग्वाड लागतोय तर तिथंच ऱ्हावा की."

"ऱ्हायलो असतो," ते म्हणाले, "पण तिथं भांडायला कोण न्हाई."

ते हसले. मी हसले नाही. त्या बाईबद्दल वहीत काय लिहिलं आहे ते मला बघायचं होतं, आणि दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यायची लाज वाटत होती. मग एसटीच्या पाट्यांवरून, वाणसामानाच्या कागदावरून, जयराजच्या जुन्या पुस्तकातून मी अक्षरं गोळा केली. दोन वर्षं लागली. मी आज पेपर वाचते, वाचनालयातून पुस्तकं आणते, हे मृत्युपत्र लिहिते, ते सगळं त्या एका रागातून आलं. आणि वाचायला आल्यावर पहिलं काय वाचलं? "पलूस. साळूबाई. अख्खा मसूर. आज दोन भाकऱ्या जास्त." घरी हा माणूस दोनच भाकऱ्या खायचा.

तसे ते मला खाऊ घालायला सगळीकडे घेऊन गेले. पाचगणीला स्ट्रॉबेरी आणि क्रीम खाल्लं. सांगलीचं भडंग खाल्लं. साताऱ्याचे कंदी पेढे तर दर दिवाळीला. पलूसचं नाव काढलं की मात्र म्हणायचे, "तिथं टेम्पोवाले बसत्यात. तुझं काम न्हाई." यावर कोणती बायको गप्प झोपेल?

वही शिवांजलीला द्यावी. साळूबाईला दाखवू नये. तिचं नाव त्यात पानोपानी आहे. ती चढून बसेल.

कलम ५. माझ्या हातून झालेली चूक. वकील म्हणाले, चुकीला मृत्युपत्रात कलम नसतं. मी घातलं आहे.

आमच्याकडे उन्हाळ्यात वर्षाची चटणी होते. मिरची, कांदा, लसूण, खोबरं, धने, तीळ, दगडफूल, सगळं भाजून-तळून डंकावर कुटून आणायचं आणि बरणीत हिंगाचा खडा ठेवून भरायची. त्यातली एक डबाभर चटणी ते टेम्पोत नेत. स्टीलचा कडीचा डबा, झाकणावर त्यांचं नाव कोरलेलं. संपला की घरी आणायचे, मी भरून द्यायची. मला वाटायचं, वाटेत तेल घालून भाकरीबरोबर खात असतील.

२०२१ च्या वैशाखात त्यांनी डबा पुढे केला आणि मी तो पालथा घालून ठेवला. मी म्हणाले, "खाणावळीत एवढं झ्याक मिळतंय, मग घरची चटणी कशाला वाहून न्यायची?" ते बघत राहिले. डबा तिथेच ठेवून गेले.

पावसाळा सरेपर्यंत ते बुधवारी आले की पलूसचं नाव काढायचे नाहीत. मी मुद्दाम विचारलं, "काय म्हनतोय पलूसचा मसूर?"

"साळूबाईचा हात बिघडला," ते म्हणाले. "तिथं जेवणं सोडलं."

त्या दिवशी मी शिरा केला होता, हे इथे कबूल करते.

त्यानंतर ते वाटेत वडापाव खायचे, नाहीतर नुसता चहा. शर्ट ढिले झाले. मी ते शर्ट आत घेऊन शिवले, पण डबा उचलून भरला नाही. पुढच्या वर्षी टेम्पो विकला. २०२३ च्या माघात ते गेले. डॉक्टर म्हणाले हृदय. मी डॉक्टरांचं ऐकते. पण एक वर्षभर माझा माणूस बुधवारी उपाशी फिरला, हे डॉक्टरांना माहीत नाही.

वर्षश्राद्ध झाल्यावर मी एकटीच कराडला एसटी बदलून पलूसला गेले. मला बघायचं होतं, असं काय होतं त्या खाणावळीत. पत्र्याची शेड, चार बाकडी. चुलीपाशी माझ्याच वयाची, माझ्याहून काळी आणि माझ्याहून ताठ बाई. मी नाव सांगितलं नाही. अख्खा मसूर आणि भाकरी मागितली. भाकरी चांगली होती. मसूर शिजला होता, मीठ बरोबर होतं, पण त्यात दम नव्हता. पहिल्या घासाला मला इतका आनंद झाला, की दुसरा घास विसरले. यावर भाळला होता हा माणूस?

"कुठनं आलाय, ताई?" तिने विचारलं.

"रहिमतपूर."

"रहिमतपूरचं एक हवालदार यायचं माझ्याकडं. आल्याचा टेम्पो घिऊन. लय भला मानूस." मग तिने मला नीट पाहिलं, कपाळही पाहिलं. "तुमी त्यांच्या मालकीन का?"

मी मान हलवली. ती हात पुसत समोर येऊन बसली आणि भांडायलाच लागली.

"धा-पंधरा वर्सं तुमच्या नावानं माझं जेवान नासलं बगा! चटणीचा डबा माझ्याकडंच ठिवायचं. 'साळूबाई, माझ्या मसुराला ह्यातली घाल.' घातली, की एकेक घासाला तुमचंच कवतिक. चूल माझी, मसूर माझा, घाम माझा, आन नाव कुनाचं, तर हरणाबाईचं! मला लय राग यायचा. म्हनायची, एवढी गुनाची हाय तर आना की एकदा हिकडं."

"मग?"

"म्हनायचं, तिला कळलं तिची चटणी मी दुसऱ्या बाईच्या हातात देतो, तर घरात घ्यायची न्हाई. एका वर्साला तर डबाच आणला न्हाई. म्हनलं, घ्या की मागून. तर म्हनले, रुसलीया. मागितली तर इचारंल, कशाला पायजे. माझी चटणी काय त्यांच्या नरड्याखाली उतरंना. पार अर्धी भाकरी टाकून उठायचं."

मी ताट संपवून उठले. तिने पैसे घेतले नाहीत. मला ते आवडलं नाही.

कलम ६. चटणीचं प्रमाण. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. अंकिता दर वैशाखात विचारते, "आई, दगडफूल किती?" आणि मी सांगते, "लागेल तेवढं." ते सगळं मापट्या-चिपट्याने लिहून कपाटात बंद पाकिटात ठेवलं आहे. ते अंकिताला द्यावं. माझ्या माघारी फोडावं, आधी नाही.

कलम ७. वर सांगितलेला स्टीलचा डबा. पलूसहून आल्यावर दोन वैशाख गेले. दोन्ही वेळा मी तो डबा साळूबाईसाठी गच्च भरला, कडी लावली, आणि दुसऱ्या दिवशी परत बरणीत ओतला. हात होत नाही. माझ्या नवऱ्याने तिच्यापाशी बसून माझं कौतुक केलं, ते मला न ऐकवता तिला ऐकवलं. ते सगळं ऐकून बसलेली बाई ती आहे, मी नाही. याचा मला सगळ्यात जास्त हेवा वाटतो. जिवंतपणी माझ्याने होत नाही, म्हणून मेल्यावर करते. दर वैशाखात नवी चटणी झाली, की अंकिताने हा डबा भरून पलूसला साळूबाई मदने यांच्या खाणावळीत पोचवावा. खाणावळ चालू आहे तोवर. तिने प्रमाण विचारलं तर सांगू नये.

(सही करण्याआधी लिहिलेलं.)

आज वकिलांनी हे सगळं साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं. कलम सातवर आल्यावर म्हणाले, "मावशी, चटणी मिळकतीत बसत नाही."

मी म्हणाले, "बसवा."

ते हसले. "बसवतो. मग काय, पलूसमध्ये आता अंकितावहिनींच्या चटणीचं नाव होणार."

मी त्यांच्या हातातून कागद घेतला. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. साळूबाई मसुराला फोडणी देईल, ढवळेल, चाखेल, आणि म्हणेल, सून सासूच्या वरचढ निघाली.

म्हणून कलम सात आडवी रेघ मारून रद्द केलं आहे. रेघ माझ्या हाताची आहे, शेजारी सही केली आहे. डबा मी स्वतः नेते. वैशाखापर्यंत थांबत नाही, यंदाची चटणी बरणीत आहे. परवा, १२ तारखेला, बुधवारच आहे. माझ्यामागे पाठवायचा की नाही ते अंकिताने ठरवावं. पहिला डबा माझ्या हातून जाईल.

तिथे बसून जेवेन. यावेळी पैसे देईन. वही सोबत नेणार आहे, शेवटची दोन पानं कोरी आहेत. मसूर कसा झाला ते माझ्या हाताने लिहीन. वाईट झाला तर वाईट लिहीन. चांगला झाला तर चटणी कुणाची होती तेही लिहीन.

वरील मजकूर मी लिहिला, ऐकला आणि मला मान्य आहे.

सही: हरणाबाई आकाराम भोईटे

आमच्यासमोर हरणाबाईंनी सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही:
१. नाथाजी बाबूराव शेडगे, शेजारी, रहिमतपूर
२. मंगल वसंत जाधव, वाचनालय सेविका, रहिमतपूर

ठिकाण: रहिमतपूर
दिनांक: १० नोव्हेंबर २०२५