विहिरीकडचा उतार

८ ऑगस्ट २००४, रविवार
उपासनेनंतर चर्च कमिटी. मागच्या आवारातली विहीर तळाला गेली. पाठच्या गल्लीतल्या बायका तिच्यावरच पाणी भरतात. पाण्याची लॉरी दोन दिवसांआड, तीही आली तर. मी माझं जुनं पालुपद लावलं : पावसाचं पाणी विहिरीशेजारी मुरवा. सेक्रेटरी राजमणी म्हणाला, "सार, तुम्ही पेपरवाले. लिहिता छान. खड्डा कोण खणणार?" पाळकसाहेब हसले. मंजूर.

१९ सप्टेंबर, रविवार
खड्डा झाला. गोटे, वाळू, कोळसा. आवाराच्या फरशीचा उतारही तिकडेच वळवून घेतला. मुरुगन गवंडी विचारत होता, भिंतीतलं गटाराचं तोंड ठेवायचं का. बुजव म्हटलं. मंडळीच्या मासिकात मथळा दिला : "आवारातला थेंबही बाहेर जाणार नाही". एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या कामांना मथळे दिले. स्वतःच्या कामाला हा पहिलाच.

१७ ऑक्टोबर, रविवार
आठवडाभर पाऊस. विहिरीत दोन पुरुष पाणी, आणि गोडं. चर्चची झाडलोट करणारी सेल्वी गल्लीतच राहते. म्हणाली, "सार, आता डाळ लवकर शिजते." घरी येऊन शांताला सांगितलं. ती म्हणाली, "छान. आता आपला मोरीतला नळ बघा. आठवडा झाला गळतोय."

७ नोव्हेंबर, रविवार
कापणीच्या सणाच्या पंगतीची चर्चा. दरवर्षी प्लास्टिक लावलेल्या पत्रावळी, पाण्याच्या पिशव्या. दुसऱ्या दिवशी सगळं गल्लीत उडत असतं. म्हटलं, स्टीलची ताटं भाड्याने आणू. आपणच धुऊ.
राज. : "खड्डा झाला, आता सारना भांडी घासायचीत."
हशा. पण मंजूर.

२१ नोव्हेंबर, रविवार
सण. वेदीपुढे भोपळे, केळीचे घड, भाताच्या लोंब्या. चारशे पान उठलं. एक पिशवी नाही, एक पत्रावळ नाही. ताटं मागच्या आवारात धुतली, पाणी हाताशी म्हणून. मीही बाह्या सारून बसलो. पाळकसाहेबांनी फोटो काढला. पाठ धरली आहे. बरं वाटलं. लिहून ठेवतो : बरं वाटलं.

२३ नोव्हेंबर, मंगळवार
सकाळी सेल्वी घरी. "सार, तण्णीला वास येतोय. विहिरीच्या पाण्याला."
गेलो. विहिरीवर तेलाचा तवंग, कडेला पांढरा फेस. चारशे ताटांचं रस्सम, तूप, साबण. उतार खड्ड्याकडे, गटाराचं तोंड बंद. ते पाणी दुसरीकडे जाणार कुठे? दोन्ही मीच ठरवलेलं. परवा तिथे उकिडवा बसून समोरून ओघळ जाताना पाहत होतो. कुठे जातोय हे…

२६ नोव्हेंबर, शुक्रवार
सेल्वीची धाकटी सरकारी दवाखान्यात. जुलाब, सलाईन. वास येईपर्यंत दोन दिवस तेच पाणी प्यायली. भेटून आलो. पोर झोपलेली. सेल्वीने मला स्टूल दिलं, आपण जमिनीवर बसली. मी सांगितलं, चूक माझी आहे. ती म्हणाली, "चहा घेणार का सार?" रागावली असती तर काही बोलता आलं असतं.

२८ नोव्हेंबर, रविवार
विहीर पंपाने दोनदा उपसली. वास आहेच. त्यानंतर पाऊस नाही. कमिटीचा ठराव : विहिरीवर स्लॅब घालून कुलूप. गटाराचं तोंड पुन्हा उघडायचं. पुढच्या वर्षी पत्रावळी. मी विरोध केला नाही. कशाच्या जोरावर करणार? कुणी मला दोषही दिला नाही. राज. जिन्यात खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "विसरा सार. मासिकाला सणाचे दोन परिच्छेद द्या, शुक्रवारपर्यंत."

३ डिसेंबर, शुक्रवार
परिच्छेद दिले नाहीत. वेळ चुकवण्याची ही पहिलीच खेप. पहिलं वाक्य होतं, "सण आनंदात पार पडला." ते खोटं नाही.
पोर घरी आली. गल्ली लॉरीची वाट बघते. घागरींची रांग आमच्या फाटकापर्यंत.

४ डिसेंबर, शनिवार
मुरुगन छिन्नी-हातोडा घेऊन आला. गटाराचं तोंड आधी, स्लॅब मंगळवारी. भिंतीपलीकडे जाऊन पाहिलं. त्या वेळी पाहायला हवं होतं. तोंड उघडतं ते सेल्वीच्या उंबऱ्यापाशी.
ती आवार झाडत होती. विचारलं, उघडू का?
"उघडलं तर आमच्या दारात. नाही उघडलं तर विहिरीत." केर भरून उभी राहिली. "आणि पत्रावळी आल्या तर त्याही आमच्याकडेच उडत येतात सार. तुम्ही सांगाल तसं."
ती केर टाकायला गेली. मुरुगन छिन्नी भिंतीला लावून माझ्याकडे बघत होता.
म्हटलं, उद्या ये.
"उद्या रविवार, सार."