तीन बाह्या राहिल्या होत्या

ला वेगा
सोमवार, १४ मे १९८४

प्रिय ओनोरियोदादा,

सांता रीता तुला, ब्लांकावहिनीला आणि पोरींना सुखात ठेवो. आम्ही बरे आहोत. लिसान्द्रोंचा गुडघा दुखतो, तरी कॉफीच्या मळ्यात जातात. कागद जुन्या कॅलेंडरचा आहे. मागची बाजू कोरी होती, टाकवली नाही.

तुझ्या शेवटच्या पत्राला पाच वर्षं झाली. मी उत्तर दिलं नाही. ते याच पत्रात देणार आहे, पण आधी इथली बातमी.

देवळाला नवी घंटा आली. येत्या रविवारी पाद्रीबाबा तिला आशीर्वाद देणार. दहा वर्षांपूर्वीच्या पुराची तारीख आणि वेळ तिच्यावर कोरायची आहे. वेळ विचारायला गुरुवारी मास्तर माझ्याकडे आले, चढावरची एर्सिलियाही बसलेली होती. मी सांगितलं, तीन वाजून वीस मिनिटं.

"नक्की ना, दोमितिलाबाई? कोरलेलं मागून खोडता येत नाही."

"माझी आठवण पक्की आहे, मास्तर."

एर्सिलिया म्हणाली, "आणि वाजवायला ओनोरियोला बोलवा की! या वेळी तरी वाजवेल मेला." सगळे हसले. दादा, मीही हसले.

मास्तर गेले आणि तो खोडण्याचा शब्द मनात राहिला. तेव्हा मी कमरेला छोटी वही बांधायची, आठवतं? अंडी किती, मीठ किती, कोणत्या संताला मेणबत्ती, जे घडेल ते लगेच टिपायचं. पुरातून माझ्याबरोबर तेवढीच वाचली. तेव्हापासून ती तसबिरीमागे होती. मी कधी उघडली नव्हती. आईचं दुःख नको म्हणून, असं मी मनाशी म्हणायची. गुरुवारी उघडली. शेवटच्या पानावर, पुराच्याच तारखेखाली, माझ्या अक्षरात आहे:

"शुक्रवार. अंडी नऊ. मीठ संपत आलं. गायकमुलांचे झगे इस्त्रीला, तीन बाह्या राहिल्या. निखारे एर्सिलियाकडून आणणे. ओनोरियोची घंटा, आठवड्यात तिसऱ्यांदा."

मी ते चारदा वाचलं. मग शाई बघितली, तारीख बघितली. अक्षर माझंच.

दादा, मी दहा वर्षं वेदीवर हात ठेवून सांगत आले की त्या दिवशी धोक्याची घंटा वाजली नाही. चौकशीच्या माणसांना सांगितलं, बिशपांच्या माणसाला सांगितलं. आपल्या खालच्या गल्लीतली सतरा माणसं गेली, तिथलं सांगायला माझ्याशिवाय कुणी उरलं नाही. वरच्या लोकांना नदीच्या आवाजात नीट कळलं नव्हतं. त्या आठवड्यात तू आधी दोनदा वाजवलेली, म्हणून कुणी म्हणायचं मंगळवारी ऐकली, कुणी म्हणायचं शुक्रवारी. मग सगळे माझ्याकडे बघायचे.

वही वाचली त्याच्या दुसऱ्याच दिवशी एर्सिलियाकडे गेले. विचारलं, "त्या दिवशी तू स्वतःच्या कानांनी काय ऐकलंस?"

"मी? मी कॉफी दळत होते. तूच नाही का सांगितलंस, वाजली नाही म्हणून? सख्खी बहीण तू. भावाविरुद्ध खोटं कशाला बोलशील?"

म्हणजे सबंध गाव माझ्या एकटीच्या तोंडावर उभं होतं.

आणि सगळ्यात वाईट ते तुझं पत्र. तू लिहिलंस, "तू म्हणतेस तेच खरं असेल, दोमितिला. दोरी हातात घेतल्याचं मला आठवतं, पण आवाज आता आठवत नाही. कदाचित मी नुसताच पळालो." वाचून मला हायसं वाटलं होतं. हे मी पाद्रीबाबांपाशीही अजून बोललेले नाही.

लिसान्द्रो म्हणतात, "चुलीत घाल ती वही. गेलेली काही परत येणार आहेत का? लोक तुला दगड मारतील." मी वही मेणबत्त्यांच्या डब्यात ठेवली. काल सकाळी बघते तर ती चुलीच्या कट्ट्यावर, सरपणाला लागून. मी त्यांच्यावर ओरडले. ते शांतपणे म्हणाले, "पहाटे उठून तूच ठेवलीस. मी पाहिलं." मला आठवत नाही. दादा, ते खोटं बोलत असतील असं मला वाटत नाही, आणि हीच भीती आहे.

वर मी पानाची नक्कल केली, तिच्यातली शेवटची ओळ गाळली. ती अशी आहे: "आईला बसवलं."

घंटा सुरू झाली तेव्हा आई उठली होती. चपला घातल्या, शाल घेतली. म्हणाली, "पोर वाजवतोय, चल वर." मी म्हटलं, "बस गं आई! तुझ्या लेकाला घंटेचं वेड लागलंय. दोनदा वाजवली, काय झालं? तीन बाह्या राहिल्यात, तेवढ्या करून टाक, मी निखारे घेऊन येते." आई बसली. माझं ऐकायची ती. मी एर्सिलियाच्या चढावर पोचले आणि खाली बघितलं तर गल्ली नव्हती.

हे सगळं मला वही वाचल्यावर आठवलं. पण खरं सांगते, डोळे मिटले की अजूनही तीच दुपार दिसते: इस्त्रीचा वास, कोंबड्या, आणि घंटेचा आवाज नाही. ती शांतता मला इतकी स्पष्ट ऐकू येते की उद्या मी पुन्हा तिच्यावर शपथ घेईन.

म्हणून वही माझ्याजवळ ठेवत नाही. बसवाल्या फाबियोच्या हाती तुझ्याकडे पाठवते आहे, पत्राबरोबरच, मेणकापडात गुंडाळून. शेवटचं पान उघड. आई बसली ती माझ्या शब्दावर. तू पळाला नव्हतास, घंटा वाजवली होतीस.

रविवारी विधीआधी मला बोलायला सांगितलंय. मी हे सगळं बोलणार आहे. तू शनिवारच्या बसने आलास तर वही माझ्या हातात दे, मी वाचून दाखवीन. आला नाहीस तर नुसत्या तोंडाने सांगावं लागेल, आणि माझ्या तोंडाचा भरवसा आता तुझ्याइतकाच मलाही नाही. नवी दोरी तुझ्यासाठी मोकळी ठेवायला पाद्रीबाबांना सांगेन. क्षमा मागत नाही. ती मागायला आधी तू इथे हवास.

घंटा ऐकलेली, तुझी बहीण
दोमितिला