मामीचं निळं भांडं

बकआय ब्रांच,
१८ ऑक्टोबर २०१९

प्रिय होबर्ट मामा,

खोकला कसा आहे? तुरुंगातला डॉक्टर नीट तपासतो का? इकडे सगळे बरे आहेत. डीकन माझ्याकडेच आहे. म्हातारपणी त्या कुत्र्याला सोफ्यावर झोपायची चटक लागलीय. तू असतास तर आम्हा दोघांनाही झाडलं असतंस. तुझ्या परसातल्या घेवड्याच्या शेंगा उतरवून बरण्या भरून ठेवल्यात. छपराचा उडालेला पत्रा शेजारच्या क्लेटसने ठोकून दिला. "होबर्ट येईपर्यंत टिकेल," म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता शिडी उचलून निघून गेला.

माझी ब्रियाना सातवीत गेली. गणितात माझ्यावर गेलीय, म्हणजे ढ.

मंगळवारी अपिलाचा निकाल आला. तुला कळलंच असेल. आईने स्वयंपाकघरात उभ्याउभ्या मोठ्याने वाचला. तिन्ही न्यायाधीशांचं एकमत, अपील फेटाळलं. ज्युरीने साक्षीदार बाईवर विश्वास ठेवला, तो पुन्हा तोलून बघणं आमचं काम नाही, असं लिहिलंय. तिथे आई थांबली. चष्मा काढून म्हणाली, "साक्षीदार बाई म्हणे! माझ्या पोटची आहे ती."

"आई, मला काही सांगायचं…"

"तू गप बस. माझा भाऊ नशेच्या गोळ्या विकणाऱ्यातला नाही, हे मला कोणी सांगायला नको. तू तर नकोच नको."

मी गप्प बसले. दोन वर्षं तेच करत आलेय.

माझ्या गाडीत गोळ्या सापडल्या होत्या, हे तुला माहीत आहे. साध्या कपड्यातला तो पोलीस म्हणाला, एक विकणारा पकडून दे, तुझी केस गुंडाळतो; नाहीतर मुलगी सरकारच्या ताब्यात जाईल. खरे विकणारे तिघे मला ठाऊक होते. त्यांची मला भीती वाटली. तुझी नाही वाटली. मामा, दुसरं काही कारण नव्हतं.

खाणीत पाठ मोडल्यापासून दुखण्यावरच्या त्याच गोळ्या तुझ्याकडे असायच्याच, आणि आपल्या डोंगरात गोळी वाटीभर साखरेसारखी मागता येते. पहिल्या दिवशी मी पोलिसांचं आवाज टिपायचं यंत्र न लावता आले. गालाला हात लावून कण्हले. तू चार गोळ्या कागदात बांधून दिल्यास. मी नोट पुढे केली तर म्हणालास, "वेडी का गं तू? भाचीची दाढ दुखते म्हणून दुकान मांडू का मी?" हे मी पोलिसाला सांगितलं. तो म्हणाला, पैसे घेतल्याशिवाय विक्री कसली, उद्या पुन्हा जा.

दुसऱ्या दिवशी माझ्या अंगावर, सदऱ्याखाली, ते यंत्र होतं आणि हातात तुझं निळं भांडं. आयव्हा मामीचं. तू त्यातून शिजवलेली सफरचंदं पाठवली होतीस, आणि आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत जात नाही. मी मक्याचा पाव भाजून आणला होता. आल्याआल्या तूच विचारलंस, "दाढ दुखायची राहिली का गं?" आणि आणखी चार गोळ्या हातावर ठेवल्यास. मग डीकनला आत घ्यायला मागच्या दारी गेलास. तेवढ्यात मी पावाखालच्या फडक्यात पोलिसाने दिलेल्या खुणेच्या नोटा सरकवल्या आणि मोठ्याने म्हणाले, "पैसे ठेवलेत हं, मामा." पैशांचं टेपवर तेवढंच आहे. तू परत आलास तेव्हा मी म्हणाले, गरम आहे तोवर खा.

कोर्टात शपथेवर सांगितलं, पैसे त्याने हातात घेतले.

तू म्हणालास, घेतले नाहीत. सरकारी वकिलाने विचारलं, मग तुमच्या कॉफीच्या डब्यात कुठून आले? तू माझ्याकडे पाहिलंस. मग आईशेजारी बसलेल्या ब्रियानाकडे पाहिलंस. म्हणालास, "ते मी सांगणार नाही." ज्युरीतला एक जण हसला. पाव खाताना फडकं तूच सोडलं असशील. मला परत द्यायचे म्हणून डब्यात ठेवले असशील. तुला सगळं ठाऊक होतं आणि तू तोंड मिटून तुरुंगात गेलास.

मी आशा लावून बसले होते की वरचं कोर्ट तुला सोडवेल, मी एक शब्दही न बोलता. अपील तुझं होतं, पण त्यात मी माझी सुटका बघत होते. याची मला इतकी लाज वाटते की आरशासमोर केस विंचरवत नाहीत.

काल तुझ्या वकीलबाईंकडे गेले. सगळं लिहून सही केली. त्या म्हणाल्या, "नव्याने सुनावणी मागता येईल. मिळेलच असं नाही. पण खोट्या शपथेसाठी तुम्हाला आत जावं लागेल कदाचित, कळतंय ना?" कळतंय म्हटलं.

ब्रियाना शाळेतून आल्यावर तिलाही सांगितलं. तिने एकच विचारलं, "होबर्ट आजोबांना माहीत होतं?" हो म्हटलं. ती उठली आणि डीकनला घेऊन बाहेर गेली. मी आत गेले तर तिला आई सांभाळेल. आईलाही सांगितलं. ती अजून माझ्याशी बोलत नाही. पण आज सकाळी तुझ्या घरून ते निळं भांडं आणून तिने माझ्यासमोर टेबलावर ठेवलं.

तू सुटशील त्या दिवशी मी बाहेर असले तर ते घेऊन येईन. रीत मोडून रिकामं आणीन, फडकंसुद्धा नसेल. तरी हातात घेण्याआधी उलटं करून बघ, मामा. माझ्या हातून आलेलं आहे.

खोटी शपथ घेतलेली तुझी भाची,
मिस्टी