चौथा बोल्ट

४ फेब्रुवारी, दुपारी १२.३०
चारपैकी तीन बोल्ट निघाले. म्हणजे पंच्याहत्तर टक्के. डिस्टिंक्शन. चौथा जरा हट्टी आहे. तासाभरात काढतो आणि निघतो.

घटनाक्रम लिहून ठेवलेला बरा, पुढे कोणी उलटसुलट सांगायला नको. सकाळी सातला जावयाचा फोन. मुलीला दवाखान्यात नेलंय, आईला घेऊन या. आठला आम्ही बॅगेसकट खाली. पुढचं डावं चाक बसलेलं. ही म्हणाली, समोरच्या मेकॅनिकला हाक मारा. गेटबाहेर रस्ता ओलांडला की त्याचं गॅरेज, मोजून वीस पावलं. मी म्हटलं, एकतीस वर्षं कारखान्याचं टूल स्टोअर सांभाळलं, हजारो पाने या हाताखालून गेले, आणि चाक बदलायला मेकॅनिक? दहा मिनिटं दे. पार्किंगच्या आमच्या कोपऱ्यात दिवसाही अंधार असतो, म्हणून तिने टॉर्च धरला. नेहमीप्रमाणे वाकडा. मी तसं बोललो. पावणेदहाला तिने टॉर्च बॉनेटवर ठेवला आणि टॅक्सी बोलावली. मी म्हटलं, तू हो पुढे, मी बोल्ट काढून मागोमाग येतोच. ती बॅग उचलून गेटकडे निघाली. घाईत असेल.

संध्याकाळी ६.१५
नातू झाला! दुपारी दीडला. ही पोचली तीनला. आठला निघालो असतो तर एकला पोचलो असतो, आई माझ्याजवळ असती, असं मुलगी फोनवर म्हणाली. हिशोबात ती लहानपणापासून पक्की.

बोल्ट उद्या.

५ फेब्रुवारी
शांतपणे विचार केला. हत्यारात दोष नाही. निरोपसमारंभात मिळालेला पान्यांचा डबा, आतून लाल मखमल. चार वर्षं उघडलासुद्धा नव्हता, वापरून खराब व्हायला नको म्हणून. बोल्टला सतरा नंबरचा, म्हणजे सतरा मिलिमीटरचा पाना लागतो. डब्यात सतरा नाही, अकरा सोळांश इंची आहे. एकच ते. स्टोअरमध्ये दोन्ही एकाच ड्रॉवरमध्ये ठेवायचो, एकतीस वर्षांत एक तक्रार नाही.

बोल्टचे कोपरे किंचित झिजलेत. गोलसर झालाय. पण अजून बोल्टच दिसतो.

८ फेब्रुवारी
गंज सोडवणारा स्प्रे आणला. डब्यावर लिहिलंय, पंधरा मिनिटं थांबा. मी तीन दिवस देणार. घाई हा माझा स्वभाव नाही.

जिन्यात तिसऱ्या मजल्यावरचे वकील भेटले. म्हणाले, बसने जा हो, नातू बघून या, बोल्ट कुठे पळून जातोय? मी म्हटलं, गाडी जॅकवर, तीन बोल्ट काढलेले, आणि मी टाकून जाऊ? जबाबदारी म्हणून काही असते की नाही? वकील आहेत, पण मुद्दा कळला नाही.

११ फेब्रुवारी
तीन दिवस झाले. पाना गोल फिरला, बोल्ट जागचा हलला नाही. जमिनीवर तेलाचा डाग मात्र सुंदर पडलाय.

टॉर्च तोंडात धरून काम केलं. लाळ गळते. शिवाय बोल्टला शिव्या देता येत नाहीत.

संध्याकाळी मुलीचा फोन. ही फोनवर येत नाही, बाळाचं करण्यात गुंतलेली असते. म्हटलं, आई कधी निघते म्हणते? मुलगी म्हणाली, आई म्हणते, बाबांनी आयुष्यात एकदा, फक्त एकदाच, ‘मला जमत नाही’ असं म्हणून दुसऱ्याला हाक मारली, की त्या दिवशी मी बॅग भरते.

मी खूप हसलो. हिची विनोदबुद्धी अशी अधूनमधून जागी होते. मुलगी हसली नाही. जागरणं होत असतील.

१६ फेब्रुवारी
पाच व्हिडिओ पाहिले. सगळ्यांत बोल्ट निघतो. ते बोल्ट आधीच सैल करून ठेवलेले असतात, हे जाणकाराच्या नजरेतून सुटत नाही.

त्यातली एक युक्ती, बोल्टला गरम करायचं. हिचा हेअर ड्रायर खाली नेला. लांब वायर लावली, वॉचमनने विचारलं, साहेब, गाडीचे केस वाळवताय का? दुर्लक्ष केलं. सुरू केला तर गरम हवेबरोबर हिच्या केसांचा वास आला. थोडा वेळ तसाच बसलो. मग काम थांबवलं. कंबर दुखत होती म्हणून.

१७ फेब्रुवारी
निश्चय : रोज सकाळी आठ ते दहा बोल्ट. शिस्त हवी.

१८ फेब्रुवारी
साडेदहाला उठलो. आठ ते दहा तर कालच ठरलं होतं. आता वेळ टळून गेली.

२२ फेब्रुवारी
हातोडी. पान्याच्या दांड्यावर नेमका घाव घातला की भलेभले बोल्ट वितळतात. घाव नेमका बसला, फक्त मधे माझं बोट होतं. एका हाताने दुसऱ्या हाताला पट्टी बांधणं हे वाटतं त्यापेक्षा कौशल्याचं काम आहे. गाठ दातांनी मारली.

समोरचा मेकॅनिक गॅरेजच्या दारात स्टूल टाकून चहा पीत होता. बघतो. हसत नाही, बोलत नाही, नुसता बघतो. ४ तारखेलाही तो उठून गेटपर्यंत आला होता. म्हणाला, काका, मी बघू का? मी म्हटलं, तू जन्मला नव्हतास तेव्हापासून मी पाने मोजतोय. तसाच मागे वळला. बरा मुलगा आहे, पण शिकण्याची वृत्ती नाही.

२७ फेब्रुवारी
नातवाचा फोटो आला. मूठ घट्ट मिटलेली. कपाळावर आठी. थेट मी. फोटो दाखवायला वकिलांकडे गेलो, ते गावाला गेलेत. सोसायटीचे सेक्रेटरी नेमके भेटले, त्यांना दाखवला. ते म्हणाले, गोड आहे, पण ती गाडी किती दिवस अशी ठेवणार, मुलं खेळतात तिथे. शेवटी खाली गेलो आणि फोन बोल्टसमोर धरला. गंमत म्हणून.

३ मार्च
आज दिवसभरात कोणाशी बोललो, आठवून पाहिलं. बोल्ट. आणि दुपारी एकदा कुकरला ‘आलो’ म्हणालो.

घरात आवाज नाही. ही असताना म्हणायचो, जरा शांतता असेल तर माणूस विचार करेल. आता शांतता भरपूर आहे. विचार एकच येतो आणि तो बोल्टचा नाही. पुढे लिहीत नाही.

६ मार्च
छिन्नी लावली. बोल्ट आता पूर्ण गोल. लाडूसुद्धा इतका गोल वळता येत नाही. तरी निराश व्हायचं कारण नाही. आता त्याला आणखी गोल होता येणार नाही, म्हणजे वाईट काळ संपला.

११ मार्च
खरं तर एक तांत्रिक बाब लिहायची राहिली होती. महत्त्वाची नाही. गेल्या वर्षी टायरच्या दुकानात ही चाकं बसवून घेतली. दुकानदारांवर विश्वास कसला ठेवायचा? घरी आल्यावर गाडीबरोबर मिळालेल्या पान्याने मी स्वतः बोल्ट पक्के करायला घेतले. सुरुवात याच बोल्टपासून. पान्यावर उभा राहिलो. मग एक उडी मारली. पाना वाकला म्हणून बाकीचे तीन राहिले. हिला अभिमानाने सांगितलं, आता हा कोणाच्या बापाला निघणार नाही. पाना हलक्या प्रतीचा निघाला म्हणून भंगारात दिला.

तेव्हासुद्धा टॉर्च हिनेच धरला होता.

१५ मार्च
मुलीचा मेसेज. आईने यादी सांगितलीये, कुरिअर करा : उन्हाळ्याचे सुती कपडे, दुसरा चष्मा, भरतकामाचा डबा.

उन्हाळ्याचे म्हणजे उन्हाळाभर. कपाट उघडलं. घड्या अशा की एकही धागा बाहेर नाही. बॉक्स भरला. चष्मा सापडायला वेळ लागला, तो माझ्याच टेबलावर माझ्या पुस्तकावर होता. सेलोटेप लावला. पत्ता लिहिला. मुलीचं घर, पण नाव हिचं. हिचं नाव पाकिटावर कधी लिहिलं नव्हतं. चौतीस वर्षांत लिहायची वेळच आली नाही, ती कुठे गेलीच नव्हती.

१८ मार्च
बॉक्स अजून दाराशी. कुरिअरवाल्यांचा हल्ली भरवसा नाही.

२२ मार्च, सकाळी ९.००
बॉक्सला ठेच लागून पडता पडता वाचलो. तिथेच जमिनीवर बसून राहिलो. मग मुलीला मेसेज केला : मेकॅनिककडे चाललोय. आईला सांगू नकोस.

ही काही हार नाही. कामाची विभागणी आहे.

सकाळी ११.४५
रस्ता ओलांडायला दोन तास लागले. वाहतूक. अगदी अर्ध्यात पोचलो आणि पाकीट घ्यायला परत आलो, तेही खिशातच होतं.

मेकॅनिकसमोर उभा राहिलो. वाक्य पाठ केलं होतं, आलं नाही. म्हटलं, अरे, ते आपलं, तुला वेळ असेल तर, म्हणजे, मला काही, तो बोल्ट. तो म्हणाला, काका, चला.

एवढंच म्हणाला. सत्तेचाळीस दिवस माझी सर्कस बघून एवढंच. मला उगाच भरून आलं.

त्याने माझा पाना हातात घेऊन उलटसुलट पाहिला. काका, हा इंची आहे. सतराच्या बोल्टला सैल बसतो, म्हणून कोपरे गेले. मी म्हटलं, अस्सं? स्टोअरमध्ये चालायचं. तो म्हणाला, स्टोअरमध्ये नुसते ठेवायचे असतात ना, काका. वाईट हेतूने म्हणाला नाही. त्याने बोल्टपेक्षा जरा लहान सॉकेट घेतलं, हातोडीने ठोकून ठोकून गोल डोक्यावर घट्ट बसवलं, लांब दांडा लावला आणि मला टॉर्च दिला.

मी टॉर्च धरला. तो म्हणाला, काका, हात हलतोय, जरा नीट धरा. मी नीट धरला. पुन्हा म्हणाला, जरा वर. हातोडीच्या घावाला डोळे मिटतात आणि उजेड सरकतो. हे अवघड काम आहे. कोणी तसं सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

कट्ट असा आवाज आला आणि बोल्ट निघाला. चार मिनिटं. त्याने विचारलं, कोणी आवळला होता एवढा? मी म्हटलं, टायरवाल्याने.

दुसरं चाक लावून, नवा बोल्ट बसवून, तो गेलासुद्धा. पैसे घेतले नाहीत. म्हणाला, काकूंनी त्या दिवशी टॅक्सीत बसताना सांगितलं होतं, ते हाक मारतील तेव्हा नाही म्हणू नकोस.

दुपारी ४.३०
फोन केला. आज हिने स्वतः उचलला! पहिल्या रिंगला. आवाज मोकळा होता. मागे बाळ कुरकुरत होतं.

म्हटलं, बोल्ट निघाला. ती म्हणाली, हो का? कोणी काढला?

प्रश्न साधा होता. उत्तर दोन शब्दांचं होतं आणि ते मला येत होतं. जिभेवर होतं. पण तिच्या आवाजात कौतुक आहे असं वाटलं, आणि किती दिवसांनी वाटलं.

म्हटलं, मीच.

तिकडे बाळ रडायला लागलं. मग ती म्हणाली, बरं. आणि म्हणाली, जेवत जा वेळेवर. फोन ठेवला. खूष झाली असावी.

संध्याकाळी ५.२०
मुलीचा मेसेज : बाबा, तुम्ही मेकॅनिककडे चाललात हे मी आईला सकाळीच सांगितलं होतं. तिने बॅग भरून दाराशी आणून ठेवली होती. आता कपडे परत कपाटात लावतेय.

तीनदा वाचला. टायपिंगची चूक नाही.

संध्याकाळी ६.००
निश्चय : आत्ताच्या आत्ता निघायचं. पाच तास. समोर उभं राहून खरं काय ते सांगायचं. वाक्य पाठ केलंय, या वेळी येईल. बॉक्स डिकीत ठेवला.

संध्याकाळी ६.२५
किल्ली फिरवली. टक. परत फिरवली. टक. बॅटरी उतरलीये. सत्तेचाळीस दिवस गाडी उभी होती, होणारच.

समोरच्या गॅरेजचं शटर खाली. पण आत दिवा दिसतोय, मेकॅनिक अजून आहे. वीस पावलं.

तशी बॅटरी म्हणजे काही मोठं काम नाही. दोनच बोल्ट काढायचे. मखमलीचा डबा खाली आणलाय.

फक्त टॉर्च धरायला कोणीतरी हवं होतं.