आधी चहा, मग गाडी

शुक्रवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. स्कूटी सकाळी एका बटणात चालू होते, गरम झाली की रडवते. शहाद्याच्या मेकॅनिककडे नेली की तो आधी चहा पाजतो, मग बटण दाबतो. तोवर गाडी थंड! मग हसतो, "ताई, गाडी बरी शे. तुमले चालू करता येत नही."

मी तरी दरवेळी तो चहा का प्यायले?

आज प्रकाशा गावाहून भर उन्हात आले, त्याच्या दारातच गाडी बंद केली आणि किल्ली त्याच्या हातात कोंबली.

"ताई, पहिले चहा पी ल्या."

"नही. आतेच चालू करा."

दाबतोय, दाबतोय. घामाघूम. गिऱ्हाईकं बघतायत.

मी म्हटलं, "भाऊ, गाडी बरी शे. तुमले चालू करता येत नही."